तुकडेजोड आणि तुकडेबंदी : बॅकअप सर्व्हरवरील डेटाबेस-विखंडनाच्या रूढ उपायांची चिकित्सा

सारांश

महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत व कार्यालयांत संगणकीकृत नोंदींचा बॅकअप घेण्याची पद्धत आता रुळली आहे. डेटाबेसचे विखंडन कमी करण्यासाठी दर आठवड्यास सर्व इंडेक्स नव्याने बांधावेत, हा उपायही बहुतेक ठिकाणी प्रश्न न विचारता अवलंबिला जातो. प्रस्तुत लेखात या उपायाची चिकित्सा केली आहे. विखंडन मोजण्याच्या प्रचलित टक्केवारीचा उगम, जोडणीमुळे बॅकअपवर पडणारा भार आणि विखंडन मुळातच रोखण्याचे मार्ग यांचा विचार करून, बॅकअप सर्व्हरची खरी कसोटी विखंडनाची टक्केवारी नसून नोंदी परत उभ्या करण्यास लागणारा वेळ ही आहे, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : डेटाबेस, विखंडन, इंडेक्स, बॅकअप, पुनर्स्थापना, ग्रंथालय संगणकीकरण.

प्रस्तावना

'तुकडेबंदी' आणि 'तुकडेजोड' हे दोन शब्द महाराष्ट्रातील शेतकऱ्याला परके नाहीत. 1947 च्या मुंबई कायद्याने शेतजमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणे आणि पडलेले तुकडे एकत्र आणणे अशी दोन्ही कामे हाती घेतली. त्या कायद्याच्या रचनेत एक शहाणपण होते. तुकडा कशास म्हणावे हे ठरविण्यासाठी साऱ्या प्रांतास एकच आकडा लावलेला नव्हता. स्थानिक क्षेत्र आणि जमिनीचा प्रकार पाहून 'प्रमाणभूत क्षेत्र' ठरवावयाचे होते. जिरायतीचे माप बागायतीस लावता येत नाही, हे त्यामागील तत्त्व होय. पुढे या कायद्यात अनेक बदल होत गेले. परंतु प्रतिबंध व जोडणी ही दोन कामे भिन्न आहेत आणि माप स्थानपरत्वे ठरते, या दोन गोष्टी प्रस्तुत विषयासाठी मोलाच्या आहेत.

संगणकावरील डेटाबेसचेही तुकडे पडतात. त्यांची जोडणी करणाऱ्या आज्ञा प्रत्येक डेटाबेस प्रणालीत असतात आणि त्या वापरणे सोपे असते. परिणामी आपल्याकडे जोडणीचा उत्साह दांडगा आणि बंदीचा विचार अभावानेच, अशी स्थिती दिसते. माप म्हणून एकच आकडा सर्वत्र लावला जातो. ज्या यंत्रावर नोंदींची सुरक्षित प्रत ठेवावयाची, त्या बॅकअप सर्व्हरच्या बाबतीत ही सवय निरुपद्रवी राहत नाही. क्वचित ती बॅकअपच्याच मुळावर येते. सदर लेखाचा उद्देश ही बाब संगणकशास्त्राबाहेरील प्राध्यापकबंधूंनाही स्पष्ट व्हावी, हा आहे. ग्रंथालय समितीवर अथवा अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षात काम करताना संगणकाविषयीचे निर्णय आपणा सर्वांनाच घ्यावे लागतात.

विखंडनाचे स्वरूप

ग्रंथालयातील दोन जुन्या साधनांवरून विखंडनाची कल्पना नेमकी येते. पहिले साधन दाखल नोंदवही. नवा ग्रंथ आला की त्यास पुढील दाखलांक मिळतो आणि नोंद वहीच्या शेवटी होते. मध्ये घुसण्याचा प्रसंग येत नाही. दुसरे साधन तालिकापत्रांची पेटी. तेथे पत्रे अकारविल्हे लावलेली असतात, म्हणून नव्या ग्रंथाचे पत्र शेवटी टाकून चालत नाही. ते योग्य जागी मध्येच बसवावे लागते. खण भरलेला असेल तर त्यातील निम्मी पत्रे काढून दुसऱ्या रिकाम्या खणात हलवावी लागतात, आणि तो रिकामा खण बहुधा पेटीच्या दुसऱ्या टोकास असतो. जाणता ग्रंथपाल म्हणूनच प्रत्येक खणात थोडी जागा मोकळी ठेवीत असे.

डेटाबेसमध्ये याच घडामोडी होतात. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये नोंदी 8 किलोबाइटच्या पानांत साठविल्या जातात आणि अशा 8 पानांचा 64 किलोबाइटचा एक गट असतो. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवणप्रकारात पानाचा प्रचलित आकार 16 किलोबाइट आहे. इंडेक्सचे पान भरले आणि त्यातच मध्ये नवी नोंद बसवावयाची झाली की पान दुभंगते. साधारणतः निम्म्या नोंदी नव्या पानावर जातात आणि ते नवे पान डिस्कवर कोठेतरी दूर असू शकते.

यातून दोन प्रकारचे विखंडन संभवते. पानांचा तार्किक क्रम आणि डिस्कवरील प्रत्यक्ष क्रम यांत विसंगती येणे, हे बाह्य विखंडन. पाने अर्धवट रिकामी राहणे, हे अंतर्गत विखंडन. विखंडनाची चर्चा करताना या दोहोंची गल्लत होते, आणि पुढील बहुतेक गैरसमज या गल्लतीतून जन्मास येतात.

'बॅकअप सर्व्हर' या संज्ञेचे दोन अर्थ

बॅकअप सर्व्हर असे म्हणताना आपण दोन भिन्न यंत्रणांबद्दल बोलत असतो. पहिल्या अर्थी, मुख्य सर्व्हरवरील डेटाबेसची प्रत ज्या यंत्रावर ठेवली जाते ते यंत्र. लहान व मध्यम महाविद्यालयांत हाच अर्थ लागू पडतो. दुसऱ्या अर्थी, अनेक यंत्रांचे बॅकअप गोळा करणारी मोठी प्रणाली. कोणत्या संगणकावरील कोणती फाइल कोणत्या टेपवर वा डिस्कवर आहे, याची सूची अशी प्रणाली स्वतःच्या डेटाबेसमध्ये राखते. तेथे विखंडन होते ते या सूचीचे.

पहिल्या अर्थाच्या सर्व्हरबाबत एक मूलभूत गोष्ट दुर्लक्षित राहते. बॅकअप भौतिक स्वरूपाचा असेल, म्हणजे पाने जशीच्या तशी उचललेली असतील, तर मूळ डेटाबेसमधील विखंडनही प्रतीत जसेच्या तसे उतरते. एसक्यूएल सर्व्हरचा नेहमीचा बॅकअप या प्रकारचा आहे. पानांमधील रिकामी जागाही त्यासोबत येते. पाने सरासरी निम्मीच भरलेली असतील तर तेवढ्याच नोंदींना दुप्पट पाने लागतात आणि, संक्षेपण केलेले नसल्यास, बॅकअपची फाइलही त्या प्रमाणात फुगते. मुख्य सर्व्हरचा लॉग सतत लावून अद्ययावत ठेवलेली राखीव प्रत असेल, तर त्या प्रतीवर स्वतंत्र जोडणी करताच येत नाही. मुळात जे घडेल तेच तेथे उमटते.

याउलट मायएसक्यूएल अथवा मारियाडीबीवर चालणाऱ्या कोहासारख्या प्रणालीचा बॅकअप बहुधा 'डंप' स्वरूपाचा, म्हणजे नोंदी पुन्हा भरण्याच्या आज्ञांचा, असतो. तो दुसऱ्या यंत्रावर उतरविला की सर्व तक्ते नव्याने भरले जातात आणि जुने विखंडन मागे राहते. मात्र त्यासाठी पुनर्स्थापनेस अधिक वेळ मोजावा लागतो. तात्पर्य, विखंडन हा मुळाचा विकार आहे. प्रतीवर उपचार करून तो हटत नाही. तो एकतर मुळाशी हटतो किंवा प्रतीचा प्रकार बदलल्याने गळून पडतो.

तीस टक्क्यांचा नियम

विखंडन 5 ते 30 टक्के असेल तर इंडेक्सची पुनर्रचना करावी, 30 टक्क्यांहून अधिक असेल तर तो नव्याने बांधावा आणि 1000 पानांहून लहान इंडेक्सकडे लक्ष देऊ नये, हा नियम एसक्यूएल सर्व्हर हाताळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकास पाठ असतो. तो मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत पुस्तिकेतून आला, म्हणून त्यास प्रमाणवचनाची प्रतिष्ठा लाभली.

या आकड्यांचा उगम पाहिला तर ही प्रतिष्ठा टिकत नाही. एसक्यूएल सर्व्हर 2000 साठी इंडेक्स-जोडणीची आज्ञा लिहिणारे पॉल रँडल यांनी पुढे स्वतःच जाहीरपणे सांगितले, की ग्राहकांना काहीतरी आरंभबिंदू हवा होता म्हणून आपण हे ठोकताळे दिले. ते प्रत्येक ठिकाणी तपासून पाहणे अभिप्रेत होते. मायक्रोसॉफ्टनेही अलीकडच्या वर्षांत आपल्या मार्गदर्शनातील ठरीव टक्केवारीवरचा भर काढून टाकला असून, जोडणीमुळे आपल्या कामात खरोखर फरक पडतो का ते मोजून पाहावे, असा सल्ला दिला आहे. एक अंदाज अधिकृत पुस्तिकेत शिरला, पुस्तिकेतून प्रशिक्षणवर्गात गेला आणि तेथून आपल्या प्रयोगवह्यांत स्थिरावला. संशोधनपद्धती शिकविणाऱ्या आपणा प्राध्यापकांसाठी हे उदाहरण चिंतनीय आहे.

आकड्यामागील भौतिक परिस्थितीही बदलली आहे. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या डिस्कवर एका फेऱ्यास 8.33 मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवे ते पान वाचनशीर्षाखाली येण्यास सरासरी 4.17 मिलिसेकंद, आणि वाचनशीर्ष सरकण्याचा वेळ त्याहून निराळा. पाने विखुरलेली असतील तर हा भुर्दंड वारंवार पडे. सॉलिड स्टेट डिस्कमध्ये फिरणारा भागच नाही. तेथे बाह्य विखंडनाचा तोटा संपूर्ण नाहीसा होत नसला तरी बराच घटतो. अंतर्गत विखंडनाचे तसे नाही. अर्धे रिकामे पान स्मृतीतही तेवढीच जागा अडविते आणि बॅकअपमध्येही तेवढीच जागा खाते. प्रचलित नियम मात्र मोजतो ते प्रामुख्याने बाह्य विखंडन. आज ज्याचे महत्त्व घटले ते मोजावयाचे आणि ज्याचे टिकून आहे ते पाहावयाचे नाही, असा हा उलटा प्रकार आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो. इंडेक्स नव्याने बांधल्यावर ग्रंथशोध वेगाने होऊ लागतो, हा अनेकांचा प्रत्यक्ष अनुभव आहे. मग उपाय निरर्थक कसा? अनुभव खरा आहे, परंतु त्याचे कारण दुसरे असू शकते. इंडेक्स नव्याने बांधताना त्यातील मूल्यांची सांख्यिकीही पूर्ण वाचनावरून नव्याने तयार होते. कोणता शोध कोणत्या मार्गाने करावा हे डेटाबेस या सांख्यिकीवरून ठरवितो. ती जुनी झालेली असेल तर मार्ग चुकतो. म्हणजे लाभ सांख्यिकीचा आणि श्रेय जोडणीस, असे घडते. केवळ सांख्यिकी अद्ययावत करणे हे काम त्यामानाने फार हलके आहे. प्रथम ते करून वेग मोजावा आणि उणीव उरल्यासच जोडणीकडे वळावे, हा क्रम शास्त्रशुद्ध ठरतो.

जोडणीची किंमत बॅकअप चुकवितो

डिफरन्शियल बॅकअप म्हणजे मागील पूर्ण बॅकअपनंतर बदललेल्या भागाचीच प्रत. एसक्यूएल सर्व्हर हा बदल 64 किलोबाइटच्या गटांवरून ओळखतो. इंडेक्स नव्याने बांधला की त्याची सर्व पाने नव्या जागी लिहिली जातात. एकही नोंद बदललेली नसली तरी सारे गट 'बदललेले' ठरतात. समजा, एका डेटाबेसमध्ये 5 गीगाबाइटचे इंडेक्स आहेत आणि दिवसभराच्या देवघेवीने त्यात काही मेगाबाइटचीच भर पडते. रात्री सर्व इंडेक्स नव्याने बांधले तर दुसऱ्या दिवशीचा डिफरन्शियल बॅकअप काही मेगाबाइटचा न राहता 5 गीगाबाइटच्या आसपास जातो. पूर्ण पुनर्प्राप्तीच्या पद्धतीत हे सारे काम लॉगमध्येही लिहिले जाते. लॉग दुसऱ्या यंत्राकडे पाठविला जात असेल तर तेवढा भार महाविद्यालयाच्या जाळ्यावर पडतो आणि राखीव प्रत मागे पडते.

प्रस्तुत लेखकाने सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात ग्रंथालयाच्या सर्व्हरचे काम काही काळ पाहिले आहे. तेथे इंडेक्स-जोडणी रोज रात्री होई. अहवालात विखंडन शून्याजवळ दिसे आणि त्याचे आम्हांस समाधान वाटे. वापरात डेटाबेसची मोफत आवृत्ती होती. तिच्यात वेळापत्रकानुसार कामे करणारी अंगभूत सोय नसल्याने ती विंडोजच्या वेळापत्रकावर सोपविलेली होती, आणि काम फसले तर कळविण्याची व्यवस्था कोणी केलेली नव्हती. फुगलेल्या बॅकअप फाइलींनी दुसऱ्या यंत्रावरील जागा भरून गेली आणि बॅकअप घेणे बंद पडले. ही गोष्ट लक्षात आली ती मुख्य यंत्राची डिस्क नादुरुस्त झाल्यावर. हाती राहिलेली शेवटची प्रत कित्येक आठवडे जुनी होती. मधल्या काळातील देवघेव मुदतपत्रिका पाहून, वाचकांना विचारून आणि कर्मचाऱ्यांच्या स्मरणावर विसंबून हाताने भरावी लागली. जोडणीची आज्ञा मीच लिहिली होती, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल.

याच संदर्भात 'श्रिंक' या आज्ञेचा उल्लेख अपरिहार्य आहे. डेटाबेसची फाइल लहान करण्यासाठी ही आज्ञा फाइलीच्या शेवटची पाने उचलून पुढील रिकाम्या जागेत नेते. त्यात इंडेक्सचा क्रम विस्कटतो आणि बाह्य विखंडन एकदम वाढते. जोडणीस मोकळी जागा लागते म्हणून फाइल पुन्हा मोठी होते. रात्री जोडणी, पहाटे श्रिंक असे वेळापत्रक काही ठिकाणी दिसते. दळण दळावे आणि पीठ पुन्हा धान्याच्या पोत्यात ओतावे, तसे हे झाले.

सूची राखणाऱ्या बॅकअप प्रणाली

दुसऱ्या अर्थाच्या बॅकअप सर्व्हरचे बोलके उदाहरण म्हणजे आयबीएमची टिव्होली स्टोरेज मॅनेजर ही प्रणाली. 2015 पासून ती स्पेक्ट्रम प्रोटेक्ट व 2023 पासून स्टोरेज प्रोटेक्ट या नावाने ओळखली जाते. येथील सूचीत रोज असंख्य नोंदींची भर पडते आणि मुदत संपलेल्या नोंदी वगळल्या जातात. या भर-वगळीतून पानांत पोकळ्या राहतात. जुन्या आवृत्त्यांत ही सूची आटोपशीर करावयाची तर सर्व्हर थांबवून संपूर्ण डेटाबेस बाहेर काढावा व पुन्हा भरावा लागे. तेवढा काळ बॅकअप बंद. 2009 मधील 6.1 या आवृत्तीत ही सूची डीबी2 या डेटाबेसवर गेली. त्यानंतरच्या आवृत्त्यांत सर्व्हर चालू असतानाच पुनर्रचना होते आणि ती कोणत्या वेळी सुरू व्हावी, किती वेळ चालावी हे ठरविता येते.

आपल्या महाविद्यालयांत ही प्रणाली क्वचितच असेल. परंतु तिच्या वाटचालीतील धडा सर्वांस लागू पडतो. सूची नीटनेटकी करण्यासाठी सूची राखण्याचेच काम थांबवावे लागणे, ही किंमत परवडणारी नव्हती. जोडणीसाठी वेळेची मर्यादा आखून देणे हा त्यावरील तोडगा ठरला.

तुकडेबंदीचे मार्ग

तुकडे पडूच नयेत यासाठी काय करता येईल, हा प्रश्न वस्तुतः प्रथम विचारावयास हवा.

एक, मुख्य क्रमांकाची निवड. दाखलांकासारखा चढता क्रमांक मुख्य इंडेक्सचा आधार असेल तर नव्या नोंदी शेवटीच जातात आणि पाने मध्ये दुभंगत नाहीत. यादृच्छिक ओळखक्रमांक हा आधार असेल तर प्रत्येक नोंद कोठेतरी मध्ये घुसते.

दोन, राखीव जागा. ग्रंथनामाचा इंडेक्स अकारविल्हेच राहणार. मराठी ग्रंथसंग्रहात 'मराठी' किंवा 'महाराष्ट्र' या शब्दांनी आरंभ होणारी शीर्षके पुष्कळ, म्हणून तेथे दाटी अधिक. अशा इंडेक्सची पाने बांधतानाच 90 टक्के भरावीत आणि 10 टक्के मोकळी ठेवावीत, अशी सोय डेटाबेसमध्ये असते. ग्रंथपालाचा मोकळा खण तो हाच. ही जागा केवळ इंडेक्स बांधताना सुटते, नंतर ती भरत जाते, आणि ती अवाजवी ठेवल्यास आपण होऊनच अंतर्गत विखंडन निर्माण केल्यासारखे होते. दाखलांकाच्या इंडेक्सला तिची गरज नाही. येथेही जिरायत-बागायतीचा विवेक हवा.

तीन, वगळणीची शिस्त. वर्ष संपल्यावर उत्तीर्ण विद्यार्थ्यांची सदस्यत्वे एकगठ्ठा काढली जातात व पानांत पोकळ्या पडतात. हे काम वर्षातून एकदा, ठरल्या वेळी करावे आणि त्यास जोडूनच संबंधित तक्त्यांची जोडणी करावी.

चार, कामांचा क्रम. मोठी जोडणी नेहमी पूर्ण बॅकअपच्या आधी करावी. तसे केल्यास बदललेली पाने पूर्ण बॅकअपमध्ये सामावतात आणि आठवड्यातील डिफरन्शियल बॅकअप लहान राहतात. श्रिंक ही आज्ञा नित्याच्या वेळापत्रकातून वगळावी. संग्रहणीय तालिका-तयार करणाऱ्या व अन्य तयार ग्रंथालय प्रणालींत तक्त्यांची रचना आपल्या हाती नसते. परंतु हा क्रम व वेळापत्रक सर्वस्वी आपल्या हाती असते.

खरी कसोटी

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेच्या पुराने सांगली शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. आयर्विन पुलाजवळ 45 फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. त्या वर्षी पाणी 57 फुटांवर गेले. त्याआधी 2005 मध्ये आणि पुढे 2021 मध्येही शहराने पूर पाहिला. तळमजल्यावर मुख्य सर्व्हर आणि शेजारच्या टेबलावर बॅकअप सर्व्हर अशी मांडणी असेल, तर अशा वेळी दोन्ही एकदमच बुडतात. कागदी दाखल नोंदवहीही त्याच इमारतीत असते.

अशा प्रसंगानंतर प्राचार्य एकच प्रश्न विचारतात : नोंदी केव्हा परत मिळतील? विखंडन 4 टक्के होते की 40, याची चौकशी कोणी करीत नाही. म्हणून बॅकअप सर्व्हरचे मूल्यमापन दोन प्रश्नांवर व्हावे. पुनर्स्थापनेस किती वेळ लागतो? आणि किती काळाच्या नोंदी गमवाव्या लागतील? बॅकअप फाइल वाचता येते एवढी तपासणी पुरेशी नाही. दर सत्रात एकदा प्रत दुसऱ्या यंत्रावर प्रत्यक्ष उभी करावी, डेटाबेसच्या अंतर्गत सुसंगतीची तपासणी चालवावी आणि लागलेला वेळ वहीत लिहावा. एक प्रत पूररेषेबाहेर, दुसऱ्या गावी असावी. विखंडनाचा विचार त्यानंतर येतो, आणि तोही याच मापाने : अर्धवट भरलेल्या पानांमुळे प्रत फुगून पुनर्स्थापना लांबत असेल तर जोडणी करावी, तसे नसेल तर ती करू नये.

समारोप

विखंडन दुर्लक्षिण्याजोगे आहे, असा या विवेचनाचा अर्थ नाही. पानांमधील रिकामी जागा स्मृती आणि साठवण दोन्ही वाया घालविते, आणि तिचा बंदोबस्त आवश्यकच आहे. आक्षेप आहे तो न मोजता केलेल्या उपायावर. तीस टक्क्यांचा आकडा ज्यांनी दिला त्यांनीच तो तपासून घेण्यास सांगितले होते. तपासणी आपण केली नाही. जोडणी दृश्य असते, तिचा अहवाल देता येतो, म्हणून ती आवडते. तुकडेबंदी अदृश्य राहते. आणि पुनर्स्थापनेची चाचणी कंटाळवाणी असल्याने ती पुढील सत्रावर ढकलली जाते. उपरोक्त महाविद्यालयातील प्रसंगानंतर लेखकाने रोजची जोडणी बंद केली व सत्रातून एकदा पुनर्स्थापना सुरू केली. अहवालातील विखंडनाचा आकडा तेव्हापासून वाढलेला दिसतो. प्रत उभी राहण्यास लागलेला वेळ मात्र आता ग्रंथालयाच्या वहीत तारखेनिशी लिहिलेला असतो.